रापियाचे पट्टेवाले आजोबा

लुबुक केरुह गावात वाघाला कुणी वाघ म्हणत नाही. म्हटलं की त्याला ऐकू जातं आणि ऐकू गेलं की तो येतो, अशी पक्की समजूत. त्याला म्हणायचं 'पट्टेवाले आजोबा', तेही आवाज खाली आणून, चिडक्या सासऱ्याबद्दल बोलावं तसं. रापियाही तसंच म्हणायची. फरक एवढाच, की गावातल्या बाकीच्यांनी आजोबांना कधीतरी लांबून पाहिलं होतं, निदान तशी थाप मारली होती. रापियानं त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरात, फतकल मारून, वाकड्या सुरीनं कोरून काढलं होतं.

तिची रबराची बाग ओढ्यापलीकडे होती. नवरा आणि ती, दोघांनी मिळून लावलेली. नवरा गेला, झाडं राहिली, आणि झाडांबरोबर धाकटा दीर सेमान राहिला. दर शुक्रवारी नमाजेनंतर तो तिच्या लाकडी जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसायचा, घसा खाकरायचा, परत खाकरायचा, आणि मग गाडी सुरू व्हायची.

"वहिनी, मी काय म्हणतो..."

"म्हण."

"बाईमाणसानं पहाटे एकटीनं रानात जायचं म्हणजे... लोक काय म्हणतील?"

"पहाटे लोक घोरत असतात, सेमान. तू सगळ्यांत मोठ्यानं."

"थट्टा नाही. मी अर्धेलीनं बघतो ना बाग. तुम्ही घरी बसा. निवांत सुपारी कातरा."

"सुपारी तू कातर. रिकामे हात तुझेच आहेत."

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या वर्षी चोरी सुरू झाली. झाडाला चीर दिल्यावर चीक दिवसभर करवंटीत टिपकत राहतो आणि शेवटचा थेंब थिजून त्याचा गोळा होतो. हे गोळे कुणीतरी सांजावताना उचलून न्यायला लागलं. सकाळी जावं तर करवंट्या चाटूनपुसून ठेवल्यासारख्या. सेमानला कळलं तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला, की जणू त्याच्या मुलाची सुंताच ठरली!

"बघा! मी म्हटलं नव्हतं? आता पुढच्या बैठकीत वडीलधाऱ्यांपुढे विषय काढतो. बागेला पुरुषाचा वचक हवा."

 वचक हवा हे रापियाला पटलं होतं. तो पुरुषाचाच कशाला, एवढाच प्रश्न होता.

उत्तर मांजरानं दिलं. तिच्या कळकट मांजरीचं नाव कोमोट. एका दुपारी चीक ताटांमध्ये ओतून, आम्ल घालून रापिया हात धुवायला गेली आणि दह्यासारख्या थिजलेल्या त्या पांढऱ्या लादीवरून कोमोट ऐटीत चालत गेली.

"मेले! पाय मोडीन तुझे!" म्हणून रापियानं झाडू उचलला, आणि तसाच धरून उभी राहिली. लादीवर नाजूक ठसे उमटले होते. मध्ये गादी, पुढे चार बोटं. हेच जर ताटलीएवढे असते तर?

धुरीघरात वाळलेल्या रबराच्या लाद्या होत्या. तिनं त्या एकावर एक चिकटवल्या, चिकटवायला चीकच वापरला. झाडाला चीर द्यायची सुरी इतक्या वर्षांनी हातात अशी बसलेली, की सालीच्या आत केसभर जायचं की दोन केस, ते बोटांना आपोआप कळायचं. त्या सुरीनं तिनं गादी कोरली, बोटं कोरली. उत्साहाच्या भरात नखंही कोरली. मग कोमोटला धरून तिचा पंजा उलटा करून पाहिला. चालताना मांजर नखं आत ठेवतं. "कुत्रा झाला असता गं आजोबांचा," असं मांजरीला सांगून तिनं नखं छाटून टाकली. पायात अडकवायच्या पट्ट्यांना सायकलची जुनी ट्यूब. उजवा तळ झकास झाला. डाव्याला वाळक्या लाद्या कमी पडल्या, म्हणून तिनं लाद्या लाटायच्या रुळातून नुकतीच काढलेली ओली लादी वापरली. दिसायला दोन्ही सारखे. रापियानं ते पायात चढवले आणि रांजणापाशी चिखलात उभी राहिली. बाजूला होऊन पाहिलं तर तिच्याच अंगावर काटा आला.

चालायचं कसं, तेही कोमोटनंच शिकवलं. मांजराचा मागचा पाय पुढच्याच्याच ठशात पडतो, म्हणजे चार पायांचं काम दोन पायांत भागतं. फक्त पाऊल सरळ रेषेत टाकायचं आणि ढांग लांब. पाऊस पडून गेल्यावर, सारोंग गुडघ्यावर खोचून, हातात छत्री तोलत रापिया बागेतून आजोबा होऊन चालली. दोनदा पडता पडता वाचली, आणि तिसऱ्यांदा तिला अशी लय सापडली की घरी परततानाही ती तशीच चालत आली.

दुसऱ्या दिवशी बेदाहच्या कॉफीच्या दुकानात जेनालचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. हा जेनाल कामधंदा करताना कुणी पाहिला नव्हता, पण त्याच्या खिशात सिगारेट कायम असायची.

"एवढा!" तो बशी दाखवत म्हणाला. मग बशी ठेवून थाळा उचलला. "नाही, एवढा! रापियाताईच्या बागेत!"

"तू काय करत होतास रे रापियाताईच्या बागेत?" बेदाहनं कॉफी ढवळत विचारलं.

"मी? मी... ओढ्यावरून जात होतो."

"ओढा राहिला अलीकडे. तुला पलीकडचं बरं दिसलं!"

त्या दिवसापासून जेनाल पाच वेळच्या नमाजेला पहिल्या रांगेत दिसू लागला आणि करवंट्यांमधले गोळे जिथल्या तिथे राहू लागले. रापिया पहाटे डोक्याला दिवा बांधून जायची, झाडांना चीर द्यायची, आणि पाऊस झाला की संध्याकाळी आजोबांना फिरवून आणायची. काम अगदी चोख.

चूक तिच्या लक्षात आली नाही. ओली लादी वाळताना आक्रसते, हे तिला ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण तळवे ती चुलीमागे टांगायची, आणि डावा तळ रोज थोडाथोडा आवळत गेला.

ते आधी दिसलं बेदाहला. ती बागेच्या तोंडाशी वाकली आणि तिचा आवाज, जो एरवी नदीपलीकडे पोचतो, तो एकदम कुजबुजीवर आला. "अगं बाई! डावा पाय लहान आहे."

सगळे वाकून पाहू लागले. एक पाय आखडलेले आजोबा म्हणजे साधे आजोबा नव्हेत. ते संत, गावाचे राखणदार. त्यांना बघून पळायचं नसतं, हात जोडायचे असतात. संध्याकाळपर्यंत बागेच्या तोंडाशी हळद घातलेला चिकट भात आला, भाजलेली कोंबडी आली, धूप आला. रापियानं सगळ्यांसारखीच मान लववली, आणि सगळे गेल्यावर कोंबडी घरी नेली. तंगडी कोमोटला दिली. तिचा वाटा होताच त्यात.

पण शुक्रवार आला. पायरी वाजली. घसा खाकरला गेला, परत खाकरला गेला.

"वहिनी, मी काय म्हणतो... जागा आता पाक झाली. तिथं सुरी लावायची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बाग बंद. उद्या तोक सागाला आणतो. तो सांगेल तसं." तोक सागा म्हणजे गावाचा म्हातारा मांत्रिक, रानाशी बोलणारा, डोळ्यांनी जवळजवळ आंधळा. लोक त्याच्याबद्दलही आवाज खाली आणूनच बोलत.

"आणि झाडं कोण बघणार?"

"ती काळजी नको. कुणीतरी जबाबदार पुरुष ठेवावा लागेलच." सेमाननं नम्रपणे स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

तो गेल्यावर रापियानं मिरच्या वाटायला घेतल्या. खरं सांगितलं तर गाव महिनाभर हसेल, त्याचं तिला काही नव्हतं. पण जेनाल परत ओढ्यापलीकडे यायला लागेल, आणि मग बैठक, आणि मग अर्धेली. आजोबा तिचे होते. ते कुठं जातात हे सेमाननं का ठरवायचं? तिनं वरवंटा खाली ठेवला. बाहेर पाऊस थांबत आला होता. दुरियानचा हंगाम ऐन भरात होता, आणि गावातली सगळ्यांत उत्तम दुरियानची झाडं सेमानची होती. तो रात्रंदिवस तिथं खोपटात बसून पडणाऱ्या फळांचा आवाज ऐकायचा. उठायचा तो फक्त संध्याकाळच्या नमाजेला.

अजान झाली. गावातले पुरुष मशिदीकडे निघाले. रापियानं सारोंग खोचला.

सकाळी तोक सागाला हात धरून बागेकडे नेत होते, तेवढ्यात बेदाह धावत आली.

"इकडे नाही! तिकडे! आजोबा सेमानच्या दुरियानखाली!"

सगळी वरात वळली. सेमान झाडांखाली फळं गोळा करता करता थबकलेला, टोपली काखेत तशीच. ठसे अगदी ठळक होते, एक मोठा, एक लहान.

"वाटेनं गेले असतील," तो म्हणाला. "नुसते जाता जाता."

"जाता जाता?" बेदाहनं मोठ्या झाडाच्या मुळाशी बोट दाखवलं. "हे बघा, चांगली बैठक मारलीय आजोबांनी!"

तिथे चिखलात एक रुंद, गोल, गुबगुबीत खळगा होता. रापिया रात्रीपासून कंबर चोळत होती. ती दुसरीकडे पाहू लागली.

तोक सागा खाली बसला. त्यानं डाव्या ठशात बोटं घातली आणि हळूहळू फिरवली. खूप वेळ. तेव्हा रापियाला आठवलं, की ओली लादी रुळातून काढली की तिच्यावर रेघा उमटतात, आणि त्या ठशातही उतरल्या असणार. पण ती हलली नाही. म्हातारा काही म्हणाला तर त्याच्या तोंडावर सांगणार होती, की हो, माझेच.

"सेमान," म्हातारा म्हणाला, "जागा पाक झाली. आता इथलं फळ उचलायचं नाही, असंच ना?"

"असं कसं, तोक!" सेमाननं टोपली छातीशी धरली. "आजोबा राखायला येतात, अडवायला नाही! ज्याची झाडं त्यानं राबायचं, त्यानं खायचं. एवढं त्यांना कळत नाही होय? सलाम करावा आणि कामाला लागावं!"

"परत सांग. माझे कान मंद आहेत."

सेमाननं परत सांगितलं. या खेपेला इतक्या मोठ्यानं, की एक दुरियान धाडकन खाली पडलं.

"ऐकलंत सगळ्यांनी?" म्हातारा उठला. "ज्याची झाडं त्यानं राबायचं. इथंही आणि ओढ्यापलीकडेही. झालं."

"ओढ्यापलीकडे?" सेमान म्हणाला.

"तूच म्हणालास ना?" बेदाह म्हणाली. "दोनदा!"

सेमाननं तोंड उघडलं, घसा खाकरला, परत खाकरला, आणि पडलेलं दुरियान उचलायला गेला.

लोक पांगले. तोक सागानं घरापर्यंत सोबतीला रापियाचा हात मागितला. ओढ्याशी आल्यावर तो म्हणाला, "आजोबांच्या तळव्याला रुळाच्या रेघा आहेत, पोरी."

"हो तोक. माझ्याच रुळाच्या."

"हं. चांगलं रबर आहे, मऊ. माझ्या टाचा फार दुखतात. एक जोडी करून दे. पंजाबिंजा नको, साधी."

"वाळक्या लादीची करते. आक्रसणार नाही."

तिनं त्याला आपल्या जिन्यावर बसवलं, केळीचं पान खाली पसरलं आणि मापाला सुरीच्या टोकानं पायांभोवती रेघ ओढली. मग पान उचलून पाहिलं. परत पाहिलं. उजवा पाय मोठा होता. डावा आखूड, आत वळलेला, लहान.

म्हातारा विडा चघळत होता. "काय झालं?"

"काही नाही, तोक," रापिया म्हणाली आणि सुरी धार लावायला घेतली. "डावा जरा लहान कापते."

"काप. मोठा झाला तर रानात चालताना अडखळतो."