राजवाड्याने मागितलेली चाल

हेलेइने नावाच्या माझ्या नणंदबाई आमच्या गावच्या चर्चमधलं गाणं बसवतात. त्यांच्या बोटांबरोबर साठ माणसांचा आवाज भरतीसारखा चढतो, ओसरतो. खर्ज माझ्या नवऱ्याचा, उआइसेलेचा. आम्हा टोंगाच्या लोकांत वयात आलेले भाऊबहीण एका छपराखाली झोपत नाहीत, एकमेकांसमोर प्रेमाचा शब्द काढत नाहीत. ही दोघं एकत्र येतात ती फक्त प्रार्थनेच्या गाण्यात.

राजकन्येच्या लग्नासाठी आम्हाला बोलावणं आलं. ती चर्चमध्ये शिरताना नवरदेवाच्या आवडीचं गाणं हवं, असं वाड्यावरच्या कारभाऱ्यांनी सांगितलं. वाड्याला नाही कोण म्हणणार? वन्सं हो म्हणून आल्या.

चाल आम्ही नेहमीसारखी आकड्यांवर शिकलो. सात सुरांना तीन ते नऊ हे आकडे, आमची सरगमच ती. आठवडाभर सगळे तरंगत होतो. मग वाड्यावरून शब्द आले. 'तुझ्या केसांत माझी झोप हरवली', एवढ्यावर खर्ज थांबला. आमच्यात चुलत-मामे भावंडांनाही तोच नियम; त्यांनी नजरा पायांकडे वळवल्या. उआइसेले उठून गेला.

घरी म्हणाला, "ताईला सांग, लग्नाच्या दिवशी मला बरं नसेल."

"दुखणं कुठलं, तेही आत्ताच ठरवून ठेव," मी म्हटलं. तो हसला नाही.

निरोप ऐकून वन्सं चटईचा काठ चाचपत राहिल्या. "लोसा, त्याचा आवाज गेला तर भावाचं माझ्याकडे काय उरलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वाड्यावर गेलो. चाल तीच गाऊ, शब्दांऐवजी आकडे घेऊ, असं वन्संनी सांगितलं. कारभाऱ्यांनी चष्मा काढला.

"बाई, राजकन्येच्या लग्नात पाढे म्हणणार?"

"लांबवून म्हटले की पाढे वाटत नाहीत." बसल्या जागीच त्यांनी हलकेच गाऊन दाखवलं. कारभारी चष्मा परत घालायचा विसरले.

उआइसेलेला मी सगळं सांगितलं. लग्नाच्या सकाळी तो कंदांच्या मळ्यात निघून गेला.

चर्चमध्ये उन्हाचे पट्टे पांढऱ्या कपड्यांवर डुलत होते. मी पुढच्या रांगेत, वन्संसमोर. खर्जाच्या बाजूला त्या कधीच बघत नाहीत, नुसता डावा हात तिकडे करतात. राजकन्या दारात आली. आमचे आकडे वजन हरवून छताकडे निघाले. नवरदेवाच्या ओठांवर त्याचे शब्द मुक्याने हलत होते.

वन्संनी डावा हात उचलला. तो हवेतच थांबला. मला मान वळवून बघता आलं असतं, पण धीर झाला नाही.

मग फरशीखालून यावा तसा उआइसेलेचा खर्ज आला, आणि वन्संचा हात त्यावर अलगद विसावला.