कँडीतला निरोप
आमच्या दुबईतल्या वस्तीत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, चाफा फुलला, की मला श्रीलंकेतलं कँडी आठवतं. नवं लग्न, दुबईचं वारं लागलेलं. डोंगरातलं शहर बघायला उंच टाचा घालून निघालेली मी महामाया! बुद्धमंदिराच्या दारात सँडल काढताना एका म्हातारीने चाफ्याचं फूल दिलं. मी वसईची, थेट केसांत खोवलं. "अगं, ते बुद्धाला वाहायचं!" नवरा पुटपुटला. म्हातारी मात्र बघतच राहिली. "माझी मुलगीही असंच करायची," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. आम्ही दुबईचे कळताच तिने सांगितलं, "दुबईला कामाला गेली, पुढे पत्रच नाही. भेटली तर सांग, आई रोज इथे येते." ती मुलगी आता माझ्याएवढीच म्हातारी असेल, तरी लिफ्टमध्ये श्रीलंकेची कुणी तरणी पोर दिसली, की मी इंग्रजीत बोलूनच जाते, "तुझी आई रोज देवळात येते गं!" नात कोपराने ढोसते, "ग्रॅनी, यू आर स्केअरिंग हर!" परवाची पोर मात्र घाबरली नाही, रडायलाच लागली.