ईराची पिशवी आणि तिच्या आईचे टाके

मैत्रिणींनो, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसलेय.

शाळेत न जाता घरीच शिकणारी चार मुलं थेरगावला माझ्याकडे शिवणकाम शिकायला येतात. त्यातली ईरा सात वर्षांची. मागच्या वेळी तिने कापडी पिशवीला धावदोरा घातला होता. वाकडातिकडा, पण सगळा तिचा. आज तीच पिशवी परत आली, तर टाके मशीनने मारल्यासारखे सरळ.

तिच्या आईला विचारलं. "अहो काकू, ग्रुपवर फोटो टाकायचा होता. फार वाकडं दिसत होतं, म्हणून उसवून मीच घातले." वर हसली.

मग पोरीला शाळेतून काढलं कशाला? तिथेही हस्तकला आयाच करून देतात की.

सत्तरच्या दशकात आम्ही काळेवाडीत राहायचो. वडिलांच्या कंपनीतल्या जुन्या खाकी कपड्यांची आई गोधडी शिवायची आणि एक कोपरा मला द्यायची. माझे टाके म्हणजे चिखलातून कोंबडी गेल्यासारखे. आईने एकही उसवला नाही. वडील पाळी संपवून आले की तीच गोधडी पांघरून झोपायचे.

आज ईराला नवीन कापड दिलं, सुई ओवून पुढे केली. तिने हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "राहू दे आजी, आई घरी नीट करेल."

सांगा, आता ही सुई तिच्या हातात परत कशी देऊ?