यादीतून काढलेलं नाव

नाथाजी आवळे एकतीस वर्षं कडेगावकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात परिचर होता, आणि चाळीस वर्षं गावातल्या ख्रिस्ती मंडळीत शेवटच्या बाकावर बसत आला होता. चर्चला सगळे देऊळच म्हणायचे; त्या देवळाची घंटा तोच वाजवायचा, झाडलोट तोच करायचा. रविवारी शब्बाथ शाळेत पोरांना जनावरांच्या गोष्टी सांगायचा. त्यातली बैलाची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. बैल मान खाली घालून जू घेतो म्हणून त्याचा खांदा शाबूत राहतो. मान ताठ ठेवणाऱ्याला जू घासतं, त्याला खांदेसूज होते. तसं माणसानं देवापुढं वाकावं.

"आवं, पुढं बसा की कवातरी," त्याची बायको मंगल म्हणायची.

तो नुसता हसायचा. पण मनात एक गोष्ट होती, तिलाही न सांगितलेली. मेजवानीत शेवटच्या जागी बसणाऱ्याला यजमान स्वतः येऊन वर नेतो, असं प्रभूनं सांगितलंय. नाथाजी चाळीस वर्षं त्या यजमानाची वाट बघत होता.

मंडळीला पंचाहत्तर वर्षं झाली. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, घरी येऊन म्हणाले, "नाथाजीकाका, कार्यक्रमात तुमचा सत्कार ठेवलाय." नाथाजीनं "कशाला साहेब, कशाला" म्हणून हात जोडले. आणि पुढचे आठ दिवस तो न्हाणीत अंगावर पाणी घेता घेता एकच वाक्य घोकत राहिला : मी काय केलं न्हाई, सगळं प्रभूनं करवून घेतलं. कुठल्या शब्दावर थांबायचं, आवाज कुठं जड करायचा, तेही ठरवलं.

त्या दिवशी पांढरा कडक शर्ट घालून तो तिसऱ्या रांगेत बसला. मंडळीचा सचिव विश्वजीत वाकून म्हणाला, "काका, ही रांग विश्रामबागच्या पाहुण्यांची हाय. जरा मागं बसता का?" मागच्या रांगाही भरल्या होत्या. तो दाराशी जाऊन उभा राहिला.

नावं पुकारली गेली. देणगीदार झाले, पाहुणे झाले, मांडववालाही झाला. शाली संपल्या. मग पाळकसाहेब नम्रतेवर बोलायला उभे राहिले.

"खरा मान मागून मिळत नाही," ते म्हणाले. "आपले नाथाजीकाका बघा. सत्काराच्या यादीत त्यांचं नाव होतं. मीच ते काढलं. म्हटलं, एवढ्या नम्र माणसाला शालीनं अवघडल्यासारखं होईल. काका, जरा हात वर करा!"

माना वळल्या. टाळ्या पडल्या, शालीवाल्यांना पडल्या नव्हत्या एवढ्या. नाथाजीनं हात वर केला. पाळकसाहेबांनी मग बैलाची गोष्ट सांगितली, नाथाजीच्याच शब्दांत.

आणि ती ऐकताना नाथाजीला चटका बसला. गोष्ट खोटी होती. दवाखान्यात त्यानं उलटंच पाहिलं होतं. जोडी विषम असली की जो बैल खाली राहतो त्याच्याकडं वजन सरकतं आणि त्याचाच खांदा सुजतो. एकतीस वर्षं तो अशाच खांद्यांना मलम लावत आला होता. पोरांना मात्र गोड लागेल ते सांगितलं होतं.

जेवणाच्या पंगती बसत होत्या तोवर फोन वाजला. सयाजीराव, पलीकडच्या गावचे ऊसवाले बागायतदार. "नाथाजी, गाय अडलीया. डाक्टर फोन उचलंना. ये गड्या पटकन."

तो उपाशीच गेला. वासराचा एक पाय आत दुमडला होता. नाथाजी त्या पांढऱ्या शर्टानिशी शेणामुतात आडवा झाला, खांद्यापर्यंत तेल-साबण लावून हात आत घातला, अर्धा तास झटून पाय सरळ केला आणि वासरू ओढून काढलं. कालवड झाली. जिवंत. गाईनं वळून तिला चाटायला सुरुवात केली, आणि तिच्याबरोबर नाथाजीचा भरलेला दंडही चाटून काढला. तो कुणाचा, हे तिनं बघितलं नाही.

"लय उपकार झालं," सयाजीराव म्हणाले. त्यांची आई बनुबाई चहा घेऊन आली. गोठ्याच्या वळचणीला पालथा ठेवलेला कानतुटका कप तिनं उचलला आणि वरून चहा ओतला. तो कप नाथाजीचा होता. तीस वर्षं त्यात त्यानं मुकाट चहा घेतला होता आणि त्यालाही नम्रताच म्हटलं होतं.

"म्हातारे, घरातल्या कपातनं दे," तो म्हणाला.

बनुबाई गोंधळली. "आरं, पर तुजा हा हाय की. आजच काय झालं?"

सयाजीराव मोबाईलमध्ये बघत राहिले. घरातून कप आला नाही. नाथाजीनं हौदावर हात धुतले आणि चहा तसाच ठेवून निघाला.

घरी मंगलनं शर्ट भिजवायला घेतला. तो म्हणाला, "मला ती शाल पायजे हुती गं."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "न्हाणीत घोकत हुता, ऐकू यायचं."

पुढच्या रविवारी उपासनेआधी त्यानं पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, शालीनं मला अवघडलं नसतं."

पाळकसाहेबांना कळायला वेळ लागला. मग ते गंभीर झाले. "काका, हा गर्व बोलतोय. प्रार्थना करा."

"गर्वच हाय. चाळीस वर्षांचा हाय. पर माजं नाव काढताना तुमी मला इचारलं न्हाई, आन टाळ्या तुमच्या भाषणाला मिळाल्या."

त्याच दिवशी त्यानं पोरांना बैलाची खरी गोष्ट सांगितली. एका मुलीनं विचारलं, "मग बैलानं वाकायचंच कशाला?" महिनाभरात शब्बाथ शाळा विश्वजीतच्या बायकोकडं गेली. काकांना आता आराम हवा, असं ठरलं. नाथाजीनं घंटेची दोरीही सोडली.

देवळात मात्र तो येत राहिला. पूर्वी गुडघे टेकून म्हणायचा, प्रभू, मी धुळीसारखा आहे. आता म्हणाला, "प्रभू, मला राग आलाय. तुजाबी." मग तो उठला आणि मंगलबरोबर घराकडं चालू लागला.