तळासरीच्या फ्रिजचा न आलेला अलर्ट

मंगळवारी दुपारी आशागडला चहा घेत होतो, तेवढ्यात तळासरीहून प्रमिला सिस्टरचा फोन आला. "सर, तुमचा अलर्ट गप्प बसलाय. माझा फ्रिज मात्र अकरावर गेलाय."

आमच्या संस्थेचे दोन छोटे दवाखाने आहेत, एक आशागडला, एक तळासरीजवळच्या पाड्यावर. आशागडच्या औषधांच्या खोलीचं तापमान पंचवीसच्या वर जाऊ द्यायचं नाही, तळासरीच्या लसींच्या फ्रिजचं आठच्या वर. सिस्टर टॅबवर आकडा टाकतात, मर्यादा ओलांडली की डेटाबेसमधला ट्रिगर आपोआप सगळ्यांना मेसेज पाठवतो... निदान पाठवायला हवा.

आकडा मर्यादेशी ताडून बघणारं फंक्शन मी एकच लिहिलं होतं. दोन टेबलांवर दोन ट्रिगर, एकाला आर्ग्युमेंट, म्हणजे मर्यादा, पंचवीस, दुसऱ्याला आठ. त्याचा थोडा अभिमानही होता...

चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. ट्रिगरला दिलेलं आर्ग्युमेंट फंक्शनच्या हातात आकडा म्हणून नाही, टेक्स्ट म्हणून, म्हणजे नुसती अक्षरं म्हणून पडतं. त्यात तापमानाचा कॉलमही मी टेक्स्टच ठेवलेला, कारण आमच्याकडे त्या रकान्यात कधी कधी नुसतं 'लाइट नाही' असं लिहिलं जातं.

मग तुलना झाली शब्दकोशासारखी. अकरामधला पहिला एक आठच्या आधी येतो, म्हणून अकरा लहान! टेस्ट करताना मी नऊ टाकला होता, तो बरोबर चालला. आशागडला आकडे नेहमी दोन अंकीच, तिथे कधी बिघडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या मुलांचं लसीकरण होतं. सिस्टरनी मला फोन करायच्या आधीच आइस पॅक लावून बाटल्या कोल्ड बॉक्समध्ये हलवल्या होत्या. मी तुलना आकड्यांत करून घेतली, शेऱ्यासाठी वेगळा कॉलम दिला, आणि या वेळी अकरा टाकून बघितलं.

सकाळी तळासरीला गेलो. डॉक्टरांनी प्रत्येक बाटलीवरची, उष्णता लागली की रंग बदलणारी खूण तपासली, सगळ्या चालण्यासारख्या होत्या. काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "लाइट गेली होती. सरांनी लगेच बघितलं."

मी शेजारीच उभा... चूक माझी होती, हे डॉक्टरांना तिथेच सांगितलं. सिस्टर हसल्या आणि त्यांनी रांगेतल्या पुढच्या आईला बसायला सांगितलं.

इथेही लिहून ठेवतो. आधी सिस्टरनी बघितलं, मी नंतर.