तळवा खाली येईपर्यंत

माझ्या वडिलांचं काम ऐकलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. ते राजवाड्याच्या मुदपाकखान्यात चाखणारे होते. राजाच्या पुढ्यात जे काही जाईल, त्याचा पहिला घास बाबांचा. "चंगळ आहे बुवा तुमची!" असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगायची, की जरा माझ्या आईला विचारा.

चंगळ कसली डोंबलाची! एक घास घ्यायचा, जिभेवर घोळवायचा, गिळायचा आणि उजव्या हाताचा तळवा वर करून भिंतीशी उभं राहायचं. तळवा वर आहे तोवर ताटाला कोणी शिवायचं नाही. ओठ बधिर झाले नाहीत, पोटात आग पडली नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली नाही, की तळवा खाली. मग ताट आत जायचं. तोवर भाताची वाफ गेलेली आणि रश्श्यावर तूप थिजलेलं. एवढा मोठा राजा, पण जन्मात कधी गरम जेवला नाही. बाबांची तर त्याहून परवड. सगळ्या पदार्थांचा एकेक घास आणि पोटभर कशाचंच नाही. घरी यायचे ते भुकेले.

बाबा कामाला लागले तेव्हा जुनं घराणं गादीवर होतं. मग धाकट्या भावाने थोरल्याला न्हाणीघराच्या पायऱ्यांवर भोसकलं आणि धाकट्याला सेनापतीने. सेनापती गादीवर बसला आणि दुसरं घराणं सुरू झालं. निशाणं बदलली, शिक्के बदलले, वेशीवरचे पहारेकरी बदलले. कालपर्यंत जुन्या राजासाठी गळा काढणारे आमचे शेजारी दुसऱ्या दिवशी नव्या राजाच्या नावाने घसा फोडायला लागले. मुदपाकखान्यात मात्र चुली त्याच, पातेली तीच आणि आचाऱ्यांची भांडणंही तीच. नव्या राजाने बाबांना बोलावून घेतलं.

"तू त्यांचं मीठ खाल्लंस," तो म्हणाला.

"सगळ्यांच्या आधी मीच खाल्लं, महाराज," बाबा म्हणाले. "जरा कमीच होतं."

राजा हसला आणि बाबा वाचले.

दुसऱ्या घराण्यातले राजेही अंथरुणात सुखाने गेले नाहीत. हा सेनापती शिकारीत घोड्यावरून पडला. त्याच्या मुलाला चुलत्याने आंधळं करून किल्ल्यावर डांबलं. चुलत्याला त्याच्याच अंगरक्षकांनी संपवलं आणि एक कोवळं पोर गादीवर आणून बसवलं. विषाने मात्र एकही गेला नाही. बाबा हे छाती फुगवून सांगायचे. आई म्हणायची, "तुमच्या धाकानेच सगळ्यांनी तलवारी उपसल्या असतील."

सुरुवातीला ती अशी थट्टेवारी न्यायची. पण बाबा घरीसुद्धा तसेच जेवायचे, आणि त्याची थट्टा किती दिवस करणार? आई वाढायची, बाबा प्रत्येक वाटीतला एकेक घास घ्यायचे आणि त्यांचा तळवा वर जायचा. मी आणि ताई मांडीवर हात ठेवून गप्प बसायचो. तळवा खाली आला की आमची जेवणं. मला वाटायचं, सगळ्या घरांत असंच असतं. एकदा शेजारच्या मैत्रिणीकडे जेवायला बसले तर वाढताक्षणी सगळे तुटून पडले. मी घाबरून रडायलाच लागले. त्या घरात अजून मला त्यावरून चिडवतात.

सगळ्यांत वाईट म्हणजे बाबांची नजर. घास गिळून ते आईच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. ती काय उचलते, काय झाकते, कोणत्या वाटीला हात लावत नाही. एक दिवस आईने पळी आपटली.

"मी काय या घरात राज्य बळकावायला आले आहे का?"

"अगं, हात आपोआप जातो," बाबा ओशाळून म्हणाले. "मी नेत नाही."

आणि ते खरंच होतं. म्हणून तर त्यांच्यावर धड चिडताही यायचं नाही.

पुढे ताईचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा खोगिरं शिवणाऱ्याचा. राज्यं डळमळायला लागली की खोगीरवाल्यांना उसंत नसते. तिसरं एक घराणं सरहद्दीपलीकडे फौजा जमवत होतं आणि त्या गल्लीत दिवसभर कातडं कापण्याचा आणि टोच्यांचा आवाज चालायचा. ताई जवळची विहीर सोडून त्या गल्लीपलीकडच्या विहिरीवर पाण्याला जायची. "तिथलं पाणी गोड आहे," म्हणायची. आई म्हणाली, पाणी गोड आहे की काय ते आम्हालाही कळतं. मुलाने तिला कातड्याच्या उरलेल्या तुकड्यांची एक पिशवी शिवून दिली होती. ती पिशवी ती उशाखाली घेऊन झोपायची. इतकी आनंदात मी तिला आधी पाहिली नव्हती.

बोलणी ठरवायला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. राजवाड्यात तेव्हा जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघत होता आणि बाबांचा तळवा दिवसभर वरच असायचा. निघताना आईने बजावलं, "आज तेवढा हात आवरा. पोरीचा प्रश्न आहे."

"मला काय कळत नाही?" बाबा म्हणाले.

आणि त्यांनी खरंच हात आवरला. कारखान्यामागच्या लांबट खोलीत आम्ही बसलो. भिंतीला खोगिरं टांगलेली, पण जमीन लख्ख पुसलेली. बाबा सरळ जेवायला लागले. घासामागून घास. आईने माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास सोडला. सासरे होणार होते ते फौजेच्या मागण्या सांगत होते, बाबा हसत होते. मग मुलाची आई आतून दुधात शिजवलेला भात घेऊन आली. वर मध घातलेला. तो तिने फक्त ताईला वाढला. ताईने घास उचलला आणि शेजारून बाबांचा हात आला. त्यांनी तिच्या ताटातला घास घेतला, गिळला आणि तळवा वर केला.

स्वतःच्या ताटाशी ते हात आवरू शकले, लेकीच्या ताटाशी नाही. माया होती हो ती, दुसरं काय? राजाला जपतात तसं त्यांनी तिला जपलं. पण हे त्या बाईंना कोण सांगणार?

बाई वाईट नव्हत्या. त्या हसण्याचा प्रयत्न करत म्हणाल्या, "बाबांचं जाऊ दे. तू खा गं मुली."

ताईने तेव्हा घास तोंडात घातला असता, तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तिचा हात ओठांपाशीच थांबला. बाबांचा तळवा वर होता. आम्ही दोघी जन्मापासून तसंच शिकलो होतो. ती थांबली.

बाईंनी तिच्यापुढचं ताट उचललं. बाबांचा तळवा खाली आला तेव्हा पुढ्यात ताट नव्हतं.

त्यांच्याकडून पुन्हा निरोप आला नाही. महिनाभराने तिसऱ्या घराण्याची फौज वेशीतून आत आली आणि पुन्हा निशाणं, शिक्के, पहारेकरी. हा राजा आपल्या आईच्या हातचं सोडून काही खात नसे. त्याने पहिल्या दिवशी चाखणाऱ्यांना घरी पाठवलं. खोगीरवाल्याचा मुलगा नव्या फौजेबरोबर दूरच्या ठाण्यावर गेला आणि तिकडेच त्याने संसार थाटला. आमच्या गल्लीत मात्र गोष्ट पसरली की यांना दुसऱ्याच्या घरी विष दिसतं. ताईला पुन्हा कोणी विचारलं नाही. ती गोधड्या शिवायला लागली.

बाबा आमच्याबरोबर जेवेनासे झाले. सगळ्यांचं आटोपलं की मागच्या पडवीत एकटे बसायचे आणि उरलंसुरलं खायचे. आई तापाने गेली तेव्हाही ते तिच्या पायांशी बसून हेच म्हणत होते, "माझ्या हाताने पोरीचा घात केला." त्या लोकांवर त्यांचा रागही होता. एवढ्याशा गोष्टीवरून सोन्यासारखी मुलगी नाकारली, एक शब्द विचारला नाही, असली कसली माणसं! हा राग होता म्हणून ते तग धरून होते, असं मला वाटतं.

म्हातारपणी त्यांना उठवेना. एका दुपारी ताई त्यांना पेज भरवत होती आणि त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं.

"त्या बाईने तुला नाकारलं. माझ्यामुळे."

ताईने वाटी खाली ठेवली. "त्यांनी नाही नाकारलं, बाबा."

मी दारातून आत आले.

"तो विहिरीवर आला होता. त्या जेवणाच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणाला, आई चार दिवस बोलेल, मग विसरेल, तू ये. मीच नाही म्हटलं."

"का गं?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला वाटतं, मी सवयीने थांबले. तसं नव्हतं. तुमचा हात वर गेला आणि मला वाटलं, असेल काहीतरी. खरंच वाटलं, बाबा. वाढताना त्या बाईंनी माझ्या केसांवरून हात फिरवला होता. आणि मी त्यांच्या हातांकडे बघायला लागले. तुम्ही आईच्या हातांकडे बघायचात तशी. मग मला कळलं, मी कुठल्याही घरात गेले तरी अशीच बघणार. कोणाच्या घरी कशाला जायचं मग?"

बाबा रडायला लागले. लहान मुलासारखे, आवाज करून. ताईने त्यांचे डोळे पुसले, पण तसं नाही हो बाबा, असं काही ती म्हणाली नाही. मलाही म्हणता आलं नाही.