पाण्याचं ओझं

सोनोग्राफीच्या टेबलावर सहादू उघड्या पोटानं पडला होता. पोटावर थंड मलम आणि त्यावरून फिरणारं यंत्र. यंत्र उजवीकडून डावीकडं आलं आणि थांबलं. मागं गेलं. पुन्हा त्याच जागी आलं. काम नीट चाललं असलं की हात असा थांबत नाही, एवढं सहादूला कळत होतं.

"काका, याआधी कधी सोनोग्राफी केली होती?"

"नाय."

"लहानपणी काही मोठा आजार?"

"आठवत नाय. आठवून सांगणारं पण कोणी राहिलं नाय."

डॉक्टर पडद्याकडं बघतच म्हणाला, "खडा नाहीये, कळ गॅसची असावी. पण तुमची डावी किडनी लहान आहे, बरीच लहान. उजवी व्यवस्थित दिसतेय. रक्त तपासा आणि किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना घरचं कोणीतरी सोबत न्या."

पोटात कळ येत होती म्हणून तो आला होता. खडा निघाला असता तर परवडलं असतं. खडा काढून टाकता येतो. ही अंगातलीच वस्तू, आणि ती कमी भरली होती.

रिक्षात बसल्यावर मात्र त्याच्या डोक्यात किडनी नव्हती. 'घरचं कोणीतरी' एवढंच घोळत होतं. डॉक्टर घरचं माणूस कधी बोलावतात ते त्यानं बायकोच्या, भागीबाईच्या शेवटच्या आजारात पाहिलं होतं. तेव्हा घरचं माणूस तो स्वतः होता.

सहादू मूळचा सायखेड्याचा. घरची जमीन भावांना पुरेना, म्हणून तरणा असतानाच नाशिकला आला आणि मशिनी हलवणाऱ्या टोळीत लागला. सातपूर, अंबड, सिन्नर, कुठंही कारखान्यात नवं मशीन आलं की क्रेन ते दारापर्यंत आणून सोडायची. दाराच्या आत टोळीचं काम. पंप किंवा मोटार जिन्यानं वर न्यायची असली की ती दोरानं बांबूला टांगायची आणि दोघांनी बांबूची दोन टोकं खांद्यावर घ्यायची. वर जाईपर्यंत बोलायचं नाही. एकाचं पाऊल चुकलं तर दुसऱ्याचा खांदा उतरतो.

त्याचा जोडीदार वाल्मीक. पुढं वाल्मीकचा गुडघा गेला. तेव्हा सहादू दोर बांबूवर मधोमध न ठेवता हळूच आपल्या टोकाकडं सरकवायला लागला. दोर ज्याच्या जवळ, त्याच्या खांद्यावर वजन जास्त. वाल्मीकला ते उचलताक्षणीच कळलं.

"दोर मधी घे."

"मधीच हाय."

"सहाद्या, मला शिकवतो व्हय? मी काय नवरी हाय, अलगद उचलून न्यायला?"

टोळी हसली. दोर मात्र तिथंच राहिला आणि पुढंही राहिला. वाल्मीक जाऊन आता बरीच वर्षं झाली.

सहादू नाशिक रोडला एका खोलीत एकटा राहतो. संध्याकाळी तो खुर्ची दारात घेऊन बसला आणि त्यानं पुरता विचार केला. जोडीतला एक कमजोर निघाला तर उपाय दोनच. दोर सरकवायचा, नाहीतर वजन कमी करायचं. पोटात दोर नव्हता. मग वजन कमी करणं आलं. आणि किडनीच्या खांद्यावरचं वजन म्हणजे पाणी, दुसरं काय?

किडनीचे डॉक्टर भेटायला अजून काही दिवस होते. तेवढे दिवस त्यानं हे काम मन लावून केलं. सकाळी तोंड ओलं होईल एवढंच पाणी. जेवताना एक घोट. चहा बंद. चैत्राचं ऊन पत्र्यावर तापायचं, जीभ टाळूला चिकटायची, तरी तो माठाकडं जायचा नाही. लघवी कमी झाली, गडद पिवळी झाली. त्याला बरं वाटलं. आतल्या गड्याला विसावा मिळतोय असं त्यानं धरलं.

शेजारच्या सिंधुबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. नळाला पाणी आलं की ती सगळ्या दारांवरून हाका मारायची.

"भाऊ, नळ जाईल! तुमचा माठ बघितला मी, कोरडा ठणठणीत. पाण्याचा उपास धरला का काय? कोणत्या देवाचा?"

"उन्हाळा हाय. सवय करतो."

"उन्हाळ्यात पाणी सोडायची सवय? माणूस म्हणून कंटाळा आला असंल तर सांगा, उंटाच्या गळ्यातली घंटा आणून देते."

सहादू हसला. फुटलेला ओठ ताणला गेला.

सोबत चला, असं तिला म्हणावं का, हे त्याच्या मनात आलं होतं. पण सिंधुबाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याला सोडून ती कुठं येणार? भाऊ कधीच वारले होते. मग उरली त्याची लेक, उज्वला. ती दिली नामपूरला. तिकडं उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होती आणि ती दिवसभर रानात. ज्याच्या खांद्यावर आधीच ओझं आहे त्याला हाक मारायची नाही, असा टोळीत रिवाज होता. सहादूनं तो इथंही पाळला. त्यामुळं विचारायला कोणी उरलंच नाही.

ठरल्या दिवशी तो रक्ताचा रिपोर्ट घेऊन एकटाच गेला. चालताना डोळ्यापुढं दोनदा अंधारी आली. डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, शांत बोलणाऱ्या होत्या.

"एकटेच आलात का काका?"

"नाय, नाय. भाऊ आलाय. बाहेर बसलाय."

"मग बोलवा ना त्यांना. त्यांनाही कळू दे."

सहादू उठला. बाहेरच्या बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. एकेका आजाऱ्यामागं दोन दोन माणसं, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात चादर. तो भिंतीला टेकून उभा राहिला. माणूस शोधायला लागतो तेवढा वेळ गेल्यावर आत आला.

"चहा प्यायला गेला वाटतं."

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. "बरं, बसा," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी रिपोर्ट वाचला. त्याला जीभ दाखवायला लावली. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर खाली बसली नाही.

"क्रिएटिनिन वाढलंय तुमचं, म्हणजे रक्तात घाण साठतेय. दिवसाला पाणी किती पिता?"

सहादूनं सांगितलं. कसं कमी केलं आणि का केलं, तेही सगळं सांगितलं. चोख काम दाखवावं तसं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, पाणी हे किडनीचं ओझं नाही हो. तिनं घाण बाहेर टाकायची ती पाण्याच्याच जोरावर. पाणी तोडलंत म्हणजे तेच काम तुम्ही तिला जड करून दिलंत."

तेल न लावता कोरड्या फरशीवर मशीन ओढायला लावल्यासारखं. ते त्याला लगेच कळलं.

"आता हे ऐका. डावी बहुतेक जन्मापासूनच लहान असावी. कारण उजवी बघा, नेहमीपेक्षा मोठी आहे. डावीच्या वाटचं काम ही कैक वर्षं करत आलीय. तुम्हाला पत्तासुद्धा लागला नाही."

वाल्मीकला तर उचलताक्षणी कळलं होतं, सहादूच्या मनात आलं.

"मग घरचं माणूस कशाला आणायला सांगितलं?"

"ते आम्ही वयस्कर माणसांना सांगतोच. औषधं, तारखा, कुणीतरी लक्षात ठेवायला हवं म्हणून."

सहादूनं मान डोलावली. एवढ्यासाठीच होतं ते.

"पण हे वाढलेलं नुसतं पाण्यामुळं की आणखी कशामुळं, ते आज मी सांगणार नाही. पाणी नीट प्या, अंगदुखीच्या गोळ्या घेत असाल तर बंद करा आणि पुढच्या आठवड्यात रक्त परत तपासा."

तो आठवडा आधीच्यापेक्षा वाईट गेला. डावीचं जे होतं ते जन्माचं होतं, त्यात त्याचा हात नव्हता. पण उजवी इतकी वर्षं मुकाट्यानं दोघींचं ओढत होती आणि नेमकं तिचंच पाणी त्यानं तोडलं होतं. ती आता बिघडली असेल तर ते त्याच्या हातचं. आळसानं झालं असतं तर एक वेळ समजलं असतं. हे मेहनतीनं केलेलं होतं.

तो पाणी प्यायचा. माठ भरलेला असायचा. सिंधुबाई म्हणाली, "सुटला वाटतं उपास. देव पावला का?" त्याला वाटलं, आता हिला सांगावं. तेवढ्यात आतून तिच्या नवऱ्यानं हाक मारली आणि ती गेली. पेला हातात धरून तो दारातच उभा राहिला. इतकं बोलण्यासारखं साठलेलं असताना गप्प राहायचं, हे काम त्याला बांबूखालच्या जिन्यापेक्षा अवघड गेलं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी रिपोर्ट पाहिला आणि पहिलं वाक्यच सांगितलं, "उतरलंय. आता ठीक आहे. उजवी चांगलं काम करतेय. वर्षातून एकदा रक्त आणि ब्लडप्रेशर तपासायचं, बाकी काही नाही."

भावाचं त्यांनी काही विचारलं नाही.

बाहेर येऊन सहादू बाकावर बसला. हे कोणालातरी सांगावं असं फार वाटलं. त्यानं उज्वलाला फोन लावला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता.

"बोला आप्पा. बरे आहात ना?"

"बरा हाय."

"मग आत्ता दुपारचा कसा काय फोन?"

सहादू अडला. चांगलं सांगायचं तर आधीचं वाईट सांगावं लागणार होतं. ते तिला ठाऊकच नव्हतं.

"सहज. कांदा निघतोय का?"

"निघतोय. आप्पा, तुम्ही दुपारी कधी फोन करत नाही. काय झालंय?"

"आता काही नाय."

"आता नाय म्हणजे?"

मागून तिच्या सासूचा आवाज आला, "कोना फोन शे वं?" उज्वला म्हणाली, "आप्पांचा. तुम्ही व्हा पुढं." मग ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला. ती चालत बाजूला आली असावी.

त्यानं सांगितलं. यंत्र थांबलं तिथपासून. पाणी तोडलं तेही, आणि चहा प्यायला गेलेला भाऊसुद्धा.

"ऐकती ना?"

"ऐकतेय." ती म्हणाली. "इतके दिवस एकटे फिरलात. मला का नाही सांगितलं?"

"तू कामात होती."

"मी कामात नसते कधी, आप्पा?"

सहादूनं रिपोर्टची घडी घातली.

"पुढच्या तपासणीला मी येणार."

"ती वर्षानं हाय."

"मग वर्षानं येईन. तारीख सांगून ठेवा."

"बरं," सहादू म्हणाला. लांबून कोणीतरी तिला हाक मारली. ती जाते म्हणाली, पण तिनं फोन लगेच ठेवला नाही. त्यानंही ठेवला नाही.